आईने दार कुणाला उघडावं

३ जून

चि. बाळ्यास,

धाकट्याला पत्र लिहायचं तर आशीर्वाद द्यावाच लागतो, म्हणून देते. फोनवर तू ओरडतोस आणि मी तो आपटते. त्यापेक्षा कागद बरा.

आमचा पत्ता आपल्या बापाला तू दिलास. नाही म्हणू नकोस, त्यानेच तोऱ्यात सांगितलं. काल मी एका दवाखान्यात पडदे लावून परतले, तर हा माणूस आमच्या शिवणखोलीत आईच्या खुर्चीवर पाय पसरून बसलेला. आई त्याला चहा देत होती आणि नव्या नवरीसारखी लाजत होती. मला म्हणाली, की बघ, तुझे बाबा आज लवकर आले कामावरून.

तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, म्हणून तुला पुन्हा सांगते. त्याने आईला असा फटका मारला, की तिचा डावा कान कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी तिने त्याची ट्रंक जिन्यात नेऊन ठेवली आणि आतून कडी लावली. मेंदूज्वराने तिची ती सगळी वर्षं पुसली, आणि नवीन काही डोक्यात टिकत नाही. त्या कोऱ्या जागेत तू त्याला आणून बसवलंस. याला काय म्हणतात ते मी कागदावर लिहीत नाही.

तुझी, नाइलाजाने,
अक्का

९ जून

ति. अक्कास,

शि. सा. नमस्कार. जास्त वाकता येत नाही. लिफ्टच्या दुरुस्तीला खड्ड्यात उतरून उतरून कंबर धरलीय.

बाबांना मी भेटलो. ते थकलेत, माझ्यासमोर रडले. आईला मी फोनवर सरळ विचारलं, की बाबा राहायला आले तर चालेल का. ती म्हणाली, हे काय विचारणं झालं, घर त्यांचंच आहे. मग मधे तोंड घालणारी तू कोण? आजारी माणसाला स्वतःचं मत नसतं का? की आई कायम तुझ्या मशीनपाशी एकटीच बसलेली हवी?

ती आनंदात आहे आणि तू जुनं उगाळून तिला रडवणार. तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही. पुढच्या महिन्यात बाबा सामान घेऊन येतील. आडवी पडू नकोस.

लोभ ठेवलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

बाळ्या

१७ जून

चि. बाळ्यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

मताचं म्हणतोस ना? परवा एका बाईने आईला विचारलं, खिडकीला निळं कापड घेऊ की राखाडी. पूर्वी आई एक नजर टाकून सांगायची. आता तिने निळं उचललं, ठेवलं, राखाडी उचललं, ठेवलं, पुन्हा निळं. बाई कंटाळून उठली, तेव्हा हातात होतं तेच छान म्हणाली. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, की काहीही निवडताना आपण नकळत मागचं आठवतो आणि त्यावरून पुढचं डोळ्यांसमोर आणतो. आईचं मागचंच गेलंय. त्यामुळे समोर जे येईल त्याला ती हो म्हणणार.

मी तिला खरं सांगितलं. तिने कानाला हात लावला आणि आत्ताच मारल्यासारखी रडली. म्हणाली, त्याला दारात उभं करू नकोस. दुपारी बेल वाजली, आणि तिनेच हसत दार उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच रडणं, पुन्हा तसंच हसणं. तिसऱ्यांदा माझी जीभ रेटेना.

तिने त्याला हाकललं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिला आठवत नाही म्हणून तो निर्णय रद्द झाला का? लांबून शहाणपण शिकवू नकोस. ये आणि बघ.

अक्का

२८ जून

ति. अक्कास,

नमस्कार.

परवा येऊन गेलो. तू कामावर असतानाची वेळ साधली, कारण तुझ्यासमोर हरायचं नव्हतं. तो तिथेच होता. बोलता बोलता आईने त्याला विचारलं, की मला या कानाने ऐकू का येत नाही हो. तो म्हणाला, तुला लहानपणापासूनच तसं आहे. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही त्याची. आणि आईने त्याचेच आभार मानले, की असं असूनही मला करून घेतलंत.

मी चहा तसाच ठेवून उठलो. जिन्यात त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, तिला आठवत नाही तर तुमच्या पोटात का दुखतं? मग मी त्याची कॉलर धरली. तो आता येणार नाही. आलाच तर माझ्याशी गाठ आहे.

तुझं बरोबर होतं. हे एकदाच लिहितो, पुन्हा मागू नकोस. पण तू मला जे जे बोललीस, तेही माझ्या लक्षात राहील.

बाळ्या

१० जुलै

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. या वेळी मनापासून, पण थोडेच.

तो येत नाही. आई रोज वाट बघते, आणि मी सांगते, की त्यांना आज उशीर होईल. काल तिला ते पटलं नाही. तिने विचारलं, की तूच त्यांना येऊ देत नाहीस ना? मला खोटं बोलायचा वीट आला होता. हो म्हणाले, मीच. तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, की माझ्या संसारात विष कालवणारी तू पोटची पोर नव्हेस, वैरीण आहेस.

थोड्या वेळाने तीच माझ्या कपाळाला हात लावून विचारत होती, की चेहरा का उतरलाय गं, कुणी काही बोललं का.

मी म्हटलं, नाही, कुणी नाही.

ती विसरली. मला ते जमत नाही. तिच्या वतीने ठरवायचं तर तिचे शब्दही आपणच झेलायचे, आणि ते मी एकटीने झेलणार नाही. लिफ्टवाल्यांकडून रजा काढ आणि ये. ती विचारील तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून हो म्हण. आता वैरी व्हायची पाळी तुझी.

तुझी,
अक्का