पाव गोळी

४ जुलै १९७४, गुरुवार
शाळेतून बोलावणं. चिमीनं पुन्हा एका पोरीचा हात चावला आणि वर्गातून पळाली, थेट रस्त्यावर. बाई म्हणाल्या, "सहा वर्षांचं लेकरू म्हणून सांभाळलं. आता काही उपाय करा, नाहीतर नाव काढून न्या." चिमी आपली व्हरांड्यात एका पायावर नाचत होती. मला पाहून टाळ्या पिटल्या. रागवायचं तरी कसं?
घरी सुमननं तिले बदडलं, मग स्वतःच रडत बसली. मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. "माह्याच्यानं होत नाही हो आता."

८ जुलै, सोमवार
डॉक्टरसाहेबांना दाखवलं. ज्यांच्याकडे चौदा वर्षं कंपाउंडरी केली त्यांच्यापुढे बाप म्हणून बसताना घाम फुटला. चिमीनं त्यांची नळी ओढली, टेबलाखाली शिरली. साहेबांनी लेकरांना शांत करणारी, झोप आणणारी गोळी लिहून दिली. पाव, सकाळ-संध्याकाळ. "जबरदस्ती नाही. दोघं मिळून ठरवा. पण घरात तान्हं आहे, हे ध्यानात ठेवा."
ही गोळी मी किती लेकरांसाठी खलात घोटली. दुधाची साखर, ती बिनऔषधी गोड पूड, मिसळायची, पुड्या बांधायच्या, पुढचा पेशंट. आज चिठ्ठीवर माझं आडनाव.
सुमन म्हणते, द्या. मी म्हटलं, पाहू.

११ जुलै, गुरुवार
कामठीची बाई पोरीच्या पुड्या न्यायला आली. हीच गोळी, दोन वर्षांपासून. पोरगी नऊ-दहाची, बाकावर भिंतीला टेकून बसते. मी तिला नेहमी गुणी समजायचो. आज पहिल्यांदा विचारलं, घरी कशी राहते?
"चूप राह्यते भाऊ. पह्यले दिवसभर बडबड करे. आता हाक मारली तं पाह्यते फक्त." थोड्या वेळानं म्हणाली, "मधात एक डाव पुड्या बंद केल्या होत्या. विहिरीच्या काठावरून ओढून आनली."
दिवसभर तिचं पहिलंच वाक्य डोक्यात. दुसरं मी ऐकलंच नाही म्हणा ना.

१२ जुलै, शुक्रवार
चौदा पुड्या बांधल्या. निव्वळ दुधाची साखर. गोळी बरणीतच राहू दिली. सुमनच्या हाती दिल्या, म्हटलं सकाळ-संध्याकाळ. तिनं पदराला डोळे पुसले.
चुकतो आहे का? पण माझी चिमी भिंतीला टेकून...

१४ जुलै, रविवार
सासूबाई भिवापूरहून. मिरच्या आणल्या आणि अंगाराही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्ध घरात अंगारा! मिरच्या ठेवून घेतल्या, अंगारा परत पिशवीत. जाताना तोंड फुगलेलंच.

१७ जुलै, बुधवार
नवल आहे. चार दिवसांत मारझोड नाही. औषध चालू आहे म्हणून सुमन निवांत, आरडाओरडा नाही, चिमीची वेणी घालताना गोष्ट सांगते. चिमीही बऱ्यापैकी बसते. "गुण येऊन राहिला हो," सुमन म्हणाली. मी मनात फुगलो. म्हटलं पाहा, माझ्या पोरीले काही झालेलंच नाही. साहेबांपेक्षा मला जास्त कळतं, असंही वाटलं. लिहून ठेवतो.

१९ जुलै, शुक्रवार
बाळाचा हात मोडला.
सुमन नळावर गेली होती. आजवर कधी दोघांना एकटं ठेवलं नाही तिनं. आज ठेवलं. चिमीनं बाळाला पाळण्यातून काढलं, फेर धरला आणि सोडून दिलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ रडून रडून निळं. एवढासा हात, त्याला प्लास्टर.
चिमी सगळ्यांना सांगते, "मी त्याले नाचवून राहिली होती."

२० जुलै, शनिवार
सुमन साहेबांसमोर रडली. "पुडी एकही चुकवली नाही जी. मंग काहून झालं असं?" साहेबांनी विचार केला आणि डोस अर्धी गोळी केला. मी बाजूला उभा. चौदा वर्षांत एवढा नीच दिवस नाही आला.
पुड्या बांधल्या. पाव गोळीच्याच, पण खऱ्या.

२१ जुलै, रविवार
सांगून टाकलं. सगळं.
सुमननं बाळाला मांडीवरून खाली ठेवलं. मग, "म्हंजे मी नळावर गेली ते तुमच्या साखरेच्या भरवशावर?" "दोन दिवस झाले, मीच पापीन म्हणून मले घास उतरून नाही राहिला. तुम्ही समोर बसून जेवले."
जेवलो होतो. खरंच.
शेवटी म्हणाली, "आता मी नाही देत. द्यायची तं तुमच्या हातानं द्या. नाही द्यायची तं तुम्ही बसा तिच्यापाशी दिवसभर." साहेबांनाही उद्या सांगायचं आहे.

२२ जुलै, सोमवार
सकाळचे सात. पुडी उघडून बसलो आहे. विहीर आठवते आणि ती भिंतही. सुमन बाळाला घेऊन दारात उभी, माझ्याकडे नाही पाहत. चिमी समोर मांडी घालून बसली, कधी नव्हे ती शहाण्यासारखी. दोनदा विचारून झालं तिचं.
"बाबा, तोंड उघडू?"