राखीव म्हणजे शिल्लक नव्हे

बाई,

आज शनिवार, शाळेला सुट्टी आहे, तरी मी ऑफिसात येऊन बसलोय. घरी मुलगी परीक्षेचा अभ्यास करतेय. मी मराठीत काही विचारलं की ती मान वर न करता "लेटर, पपा" म्हणते, म्हणून इथे आलो. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही मी याच खुर्चीत होतो. पगाराची फाईल बँकेला पाठवायची होती, ती पाठवली आणि मग खाली जाऊन गाडीत बसून राहिलो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दोह्यातल्या एका भारतीय शाळेचे हिशेब मी सांभाळतो, हे तुम्हाला माहीत होतं. पण इथे नेमकं काय करतो ते सांगायचं राहिलं, आणि यंदा जे झालं ते तर तुमच्याशिवाय कोणाला सांगून कळेल असं वाटत नाही.

तुम्ही मुख्याध्यापिका होतात त्या शाळेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा मला बी.कॉम. झाल्याचा फार तोरा होता. चेकवर सह्या घ्यायला मी रविवारी तुमच्या घरी यायचो. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसलेल्या. मी दारातूनच म्हणतो, "बाई, ठेवीत बरीच शिल्लक आहे. संस्थेचे लोक गॅदरिंगसाठी स्टेज बांधूया म्हणतायत, बांधूया की." तुमचा हात थांबत नाही. "शिल्लक कोणाला म्हणतोस रे? खर्च होऊन उरतं ती शिल्लक. हे मी वर्षाच्या सुरुवातीला बाजूला काढलंय, खडू विकत घ्यायच्या आधी. याला राखीव म्हणतात. पुन्हा हा शब्द चुकलास तर चेकबुक घेऊन येऊ नकोस." मग पदराला हात पुसून तुम्ही सही केलीत, आणि मूठभर खोबरं गुळाच्या खड्याबरोबर माझ्या हातावर ठेवलंत. तो ओलावा चेकबुकाला लागू नये म्हणून मी ते काखेत धरून परत गेलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नदीवरचा साकव वाहून गेला. पलीकडच्या वाडीतली मुलं मोठ्या पुलावरून वळसा घालून सायकलींनी यायची, पण मुली घरीच बसल्या. एसटीने तिकडची फेरी सुरू करायला नकार दिला. गणपती गेले, दसरा गेला, आठवी-नववीच्या वर्गात मुलींचे बाक रिकामेच. तुम्ही एक दिवस मला घेऊन बँकेत गेलात आणि ठेव मोडलीत. त्या पैशातून साकव पुन्हा उभा राहीपर्यंत वर्षभर एक जीप लावली, सकाळी आणायला, संध्याकाळी सोडायला. संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात येऊन तुमच्या टेबलावर हात आपटत म्हणाले होते, "इमारतीचे पैसे तुम्ही गाडीभाड्यात घातलेत!" तुम्ही एवढंच म्हणालात, "हो, घातले." मुली आल्या, पुढे दहावीपर्यंत गेल्या. पण जीपच्या पुढच्याच वर्षी वादळात दोन वर्गांचं छप्पर उडालं, आणि ठेवीत काही नव्हतं. ताडपत्रीखाली वर्ग भरले, पालक तुमच्यावर ओरडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही निवृत्त झालात. निरोपाला संस्थेचं कोणी आलं नाही. स्टाफरूममध्ये चहा आणि फरसाण, आणि शाल मीच तालुक्याच्या बाजारातून आणलेली. तुम्ही ती खांद्यावर घेतलीत आणि "चला, तिसरा तास कोणाचा आहे?" म्हणून सगळ्यांना उठवलंत.

मी तेव्हा काय शिकलो असेन असं तुम्हाला वाटतं? ठेव मोडायची नाही, एवढंच शिकलो. इथे आल्यावर काही वर्षांनी या शाळेची रिझर्व्ह पॉलिसी, म्हणजे राखीव पैशाचे नियम, लिहायचं काम माझ्याकडे आलं. इथे सरकारी अनुदान नाही, फी हीच कमाई, आणि फी वाढवायची तर मिनिस्ट्रीची परवानगी लागते. एखादी मोठी कंपनी प्रोजेक्ट संपवून माणसं परत पाठवते तेव्हा एका टर्ममध्ये वर्ग ओस पडतात. म्हणून मी लिहिलं की इतक्या महिन्यांचे पगार निघतील एवढी रक्कम नेहमी बाजूला राहील, त्या रेषेखाली, इथल्या भाषेत फ्लोरखाली, कोणत्याही कारणासाठी जाता येणार नाही. कोविडमध्ये निम्म्या पालकांची फी थकली, तेव्हा याच पैशातून सगळ्या शिक्षकांना पूर्ण पगार गेले. रक्कम रेषेपर्यंत उतरली आणि तिथेच थांबली. लोक फोन करकरून आभार मानत होते. तुमच्यापेक्षा मी शहाणा निघालो, असं मला त्या वर्षी मनात वाटून गेलं होतं.

यंदा पुन्हा मुलं कमी झाली. कमिटीने खर्च कुठे कापायचा ते बघितलं आणि सगळ्यांची बोटं एकाच ठिकाणी गेली. आमच्याकडे हळू शिकणाऱ्या मुलांचा एक छोटा विभाग आहे, तळमजल्यावर, दोन खोल्या. मुलं थोडी, शिक्षिका दोन, खर्च मोठा. तो मार्चनंतर बंद. मी म्हटलं, वर्षभर रिझर्व्हमधून चालवता येईल. चेअरमन केरळचे, स्वभावाने सज्जन, आवाज कधी चढवत नाहीत. ते म्हणाले, "पॉलिसी आपका ही है ना? फ्लोर के नीचे नहीं जाना. खलास." ते माझंच वाक्य होतं.

त्या आठवड्यात एक पालक भेटायला आले. साताऱ्याकडचे, इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये फोरमन. त्यांची मुलगी त्या विभागात चार वर्षं आहे. ग्रीसचे डाग असलेले हात मांडीवर ठेवून बसले. "साहेब, पोरगी आली तवा कुणाकडं बघतसुदा नव्हती. आता शर्टाची बटणं स्वतः लावती. मला फोन लावून 'बाबा, कुठं' म्हणती." मी पाणी पुढे केलं. त्यांनी विचारलं, "शाळंला खरंच परवडत नाही का?" खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "परवडत नाही असं नाही. पण तो पैसा अडचणीसाठी ठेवलाय. मी पुन्हा बोलून बघतो." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "बगा. हितं नाही म्हणायचं झालं की समदी इन्शाल्ला म्हणत्यात. तुमी नाही म्हणाला न्हाईत, तेवढं बास."

ते गेल्यावर मी पॉलिसीचं पान काढून वाचलं. रेष कुठे ओढायची ते मी लिहिलं होतं, पण रेषेखाली गेलो तर परत वर कसं यायचं त्याबद्दल एक शब्द नव्हता. तुमच्याकडेही तो नव्हता, बाई. तुम्ही ठेव मोडलीत ते बरोबरच होतं. ती पुन्हा भरायची कशी हे तेव्हा कोणी ठरवलं नाही. तुम्ही एकट्या होतात आणि माझ्यासारखा बी.कॉम. शेजारी नुसता उभा होता.

मग मी नवा प्रस्ताव लिहिला. एक वर्ष रेषेखाली जायचं, पुढची तीन वर्षं थोडं थोडं परत भरायचं, नवी कॉम्प्युटर लॅब पुढे ढकलायची, आणि हे सगळं पालकांना आधी सांगायचं. मीटिंगला चेअरमननी योग्य तोच प्रश्न विचारला, "अगस्त में चिलर बंद पड़ा तो?" इथे ऑगस्टमध्ये चिलर, म्हणजे अख्ख्या शाळेचा एसी, बंद पडला तर शाळा उघडता येत नाही. मी म्हटलं, "तो मुश्किल होगी, सर. जिम्मेदारी मेरी." जबाबदारी माझी म्हणजे काय, माझी नोकरी जाईल एवढंच, चिलर काही त्याने चालू होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी हात वर झाले आणि एका मताच्या फरकाने ठराव पास झाला, पण अर्धाच. एक शिक्षिका राहील, दुसरी जाईल, एक खोली राहील.

राहिली ती वसईची. दुसरीने तोवर घाबरून मस्कतला नोकरी धरली होती, त्यामुळे कोणाला काढायचं हा प्रश्न आला नाही. वसईची बाई दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "सर, हे पैसे कधी संपणार ते मला सांगू नका. मला सकाळी वर्गात जायचं असतं." एप्रिलमध्ये थंडावा संपता संपता तिने मुलांना दोह्याबाहेर समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं आणि मलाही ओढून नेलं. मुलं पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती, एकमेकांचे हात धरून. मी बुटांतली वाळू झाडत बसलो.

त्यात साताऱ्याची ती मुलगी नव्हती. ठराव होण्याआधीच तिच्या वडिलांनी तिकिटं काढली होती, आणि कंपनीने फॅमिलीचा भत्ताही बंद केला. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, बायको-पोरगी गेली गावाला. रूम सोडली मी, कामगारांच्या कॅम्पात ऱ्हातो. आता कंपनीच्या बसनं जातो-येतो, बरं हाय. तुमी बोललात, लई झालं." मी विचारलं, "तिकडे शाळा बघितली?" ते म्हणाले, "बघतोय," आणि मागून कोणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडून घाई केली, तसा फोन ठेवला.

शाळा चालू आहे. जून लागलाय, चिलरही चालू आहे. मी मात्र फार थकलोय, बाई. चुकीच्या कामाने थकवा येतो हे माहीत होतं. बरोबर काम केल्यावरही येतो, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तरी त्या वयात मी ऐकलं असतं असं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीये म्हणून एक सांगून टाकतो. मीटिंगमध्ये हात वर होत होते आणि चेअरमन पेनाने मोजत होते, तेव्हा मी मान खाली घालून मनातून ठराव पडावा असं म्हणत होतो. पडला असता तर मी प्रयत्न केला असंही झालं असतं, आणि पैसेही जागच्या जागी राहिले असते. ठराव पास करणारा शेवटचा हात वर झाला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हसलो. तो हात कोणाचा होता, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.