बाबांची गिटार आणि एक ‘धन्यवाद’

मोन्तेविदेओ,
४ फेब्रुवारी १९९४

चि. डेल्मिरास, थोरल्या बहिणीचे (रागावलेल्या) अ. उ. आ.

मार्चमधल्या गुराख्यांच्या गाउचो महोत्सवात तू बाबांचं मिलोंगा गाणं गाणार, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. पत्राने कळवलं असतंस तर शाई संपली असती का? फोटोही पाहिला. मांडीवर बाबांची गिटार. गाण्याचं तिसरं कडवं मी तेराव्या वर्षी जुळवलं होतं, त्याचा उल्लेख कुठेच नाही.

स्पष्ट लिहिते. मला तुझा मत्सर वाटतो, चाळीस वर्षं वाटतो. गुरं राखणाऱ्याच्या दोन मुली. एकीला गिटार, दुसरीला नुसती ‘शिकलेली’ म्हणून शाबासकी. बाबांनी गिटार मला का दिली नाही, ते लिही. नाहीतर मी येणार नाही.

गळ्याला जप.
हायदे

ताक्वारेम्बो,
१३ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आमचे हे म्हणाले, की ताई पत्र लिहीत नाहीत, पेपर तपासतात.

मत्सर मलाही आहे. मी गायला लागले की बाबा म्हणायचे, जरा हळू, हायदेचं पत्र वाचतोय.

कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत तू घरी आलीस, ते आठवतं? बाबांनी आपल्या कडू ‘माते’ चहाचा तुंबा भरून दिला. तू तो पिऊन परत करताना ‘धन्यवाद’ म्हणालीस. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘पुरे, आता नको’, हे सहा महिन्यांत विसरलीस! मग त्यांनी गिटार पुढे केली. दोन तारा छेडून तू ती परत दिलीस आणि पुन्हा ‘धन्यवाद’! संध्याकाळी ते आईला म्हणाले, पोरीला आता आपलं काही नको. म्हणून ती माझ्याकडे आली. उरलेली म्हणून, ताई.

गिटार आजच बसने पाठवते. महोत्सवात मला ती हवी, तेव्हा तुलाच घेऊन यावं लागेल. तिसऱ्या कडव्याशी मी थांबेन. ते तू गा.

लोभ ठेव, मत्सरासकट चालेल.
डेल्मिरा

मोन्तेविदेओ,
२० फेब्रुवारी

चि. डेल्मिरास आशीर्वाद, या वेळी न रागावता.

गिटार पोचली. तारा फार ताणून ठेवतेस. तिसरं कडवं रोज म्हणते आहे. आवाज तुझ्याइतका नाही, उच्चार तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. शेजारीण विचारत होती, की घरात कोण रडतं. मी सांगितलं, सराव चालू आहे.

पाच तारखेच्या बसने येते. तुंबा भरून ठेव, आणि मी परत दिला की पुन्हा भर.

गिटारीबद्दल मी धन्यवाद म्हणत नाही, हे नीट वाच.

तुझी,
हायदे