बाबांशी बोलायला घेतलेला कॉम्प्युटर

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, पोटभर जेवतो.

माझा फोन समुद्रात पडल्यापासून तुमची तोंडं दिसली नव्हती, म्हणून बंदरावर जुना कॉम्प्युटर घेतला. मोठा, देखणा होता तो सोडला. आमच्या शिडाच्या बोटीवर वीज म्हणजे एक बॅटरी आणि एक सोलर पॅनेल; त्याने ती तासाभरात पिऊन टाकली असती. हा लहानसा थेट बॅटरीवर चालतो. तरी आभाळ भरलेलं, चार्जिंग होईना. शेवटी कप्तानकाकांनी फ्रिज बंद केला. "मासे नासू देत," म्हणाले, "आधी बापाशी बोल."

परवा तू बाबांसमोर फोन उभा केलास आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळालीस. तेवढ्यात काय झालं ते तुला सांगितलं नाही. बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. मग अदबीने म्हणाले, "आपण कोण?"

मी म्हटलं, "बोटीवर काम करतो."

"माझा मुलगाही बोटीवर असतो. भेटला तर म्हणावं, बाप वाट बघतोय."

"सांगतो," म्हटलं. तू परत आलीस तेव्हा मी हसत होतो.

डॉक्टर काय म्हणतात ते खरं लिही. तुझी झोप होते ना?

रजा मागितली तर मिळेल. पण मी दारात उभा राहिलो आणि त्यांनी तुला विचारलं, 'हे पाहुणे कोण?' तर? म्हणून अजून मागितलेली नाही.

तुझा,
धाकटा