सनाच्या केसांतली पेस्ट

मंगळवार संध्याकाळ, येडशी

माझ्या लेकीच्या, सनाच्या केसांतली पेस्ट दोनदा धुऊनही निघत नाही. मेंदूच्या तपासणीला तारा चिकटवल्या होत्या, त्याची. डॉक्टर म्हणाले, "हिच्या मेंदूतले जवळजवळचे भाग एकमेकांशी जरा जास्तच बोलतात, लांबचे कमी." मी लई कळल्यासारखी मान हलवली. बसमध्ये वाटलं, हे तर आमचंच. माकणीला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या घरी, लग्नात, सनाला फिट आली. तेव्हापासून इथली गल्ली बोलायची थांबत नाही आणि आपाचा एक फोन नाही.

मीच का करावा? तरी केला, पेस्टच्या हातानं. तिच्या मुलीनं उचलला. "अम्मी नमाज पढ रही, खाला."

तिसऱ्या प्रहरची नमाज कधीच होऊन गेलेली, आणि सांजेची, मगरिबची अजान व्हायला अजून अर्धा तास होता.

म्हटलं, "बरं. सनासाठी दुआ मागायला सांग."