वजनकाटा चौकातील दगड ही देवी नसल्याबाबत

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी साहेब,
क्षेत्रीय कार्यालय

अर्जदार : सौ. जयमाला रणजीत वाघोले, नगरसेविका, रा. भोसरी

विषय : वजनकाटा चौक, भोसरी येथील दगड ही देवी नसून अर्जदाराच्या नावाची पाटी असल्याचे मान्य करून तेथे महिलांचे स्वच्छतागृह बांधू देण्याबाबत.

संदर्भ : १) "जागेवर धार्मिक स्थळ आढळून आले" असे कळविणारे आपले पत्र. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार सादर करते की, वजनकाटा चौकात भाजीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या आणि आसपासच्या वर्कशॉपांत सुटे भाग घासणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या बायकांना लघवीला जायला जागा नाही. अर्जात हा शब्द बरा दिसत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. पण शब्द बरा दिसत नाही म्हणूनच हे काम आजवर कोणी केले नाही. वर्कशॉपात एक संडास असतो, तो पुरुषांचा, आणि त्याची किल्ली शेठच्या खिशात. प्रचाराच्या वेळी भाजीवाल्या छबूबाई यांनी अर्जदाराचा हात धरून सांगितले होते, "ताई, रस्ता नको, कमान नको, आमाला आडोसा द्या. सकाळपासनं घोटभर बी पाणी पीत न्हाई आमी." अर्जदाराने शब्द दिला. अर्जदार निवडून आली ती त्या शब्दावर.

२. जागा मंजूर झाली तेव्हा रीतीप्रमाणे भूमिपूजन ठरले. अर्जदाराचे यजमान रणजीत यांनी हौसेने काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून आणली. तीवर अर्जदाराचे नाव सोनेरी अक्षरांत, दुरून दिसेल असे. काम कशाचे, ते मात्र कोठेच कोरलेले नव्हते. "तुझ्या नावाखाली संडास कशाला लिहायचं?" असे यजमानांचे म्हणणे पडले, आणि सासरे नानासाहेब यांनीही मान डोलावली. गुरुजी ताटकळले होते, फोटोवाला घाई करत होता. पाटी जमिनीत उभी केली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, पेढे वाटले. नारळाचे ताट छबूबाईंच्याच हातात होते.

३. त्यानंतर ड्रेनेजचा नकाशा आपल्या कार्यालयात गेला आणि तेथेच मुक्कामाला राहिला. अर्जदाराने जिने चढून चपला झिजवल्या; नकाशा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत इकडे वेगळेच घडले. मोकळ्या जागेत एकटा काळा दगड, त्याला हळदकुंकू, पुढे नारळाच्या करवंट्या. येणाऱ्याजाणाऱ्याने काय समजावे? वळण घेताना टेम्पोवाले हात जोडू लागले. वर्कशॉपवाले दौलतराव यांनी नवे मशिन आणले तेव्हा एक नारळ तेथेही वाढवला, आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांना चाकणच्या एका कंपनीची ऑर्डर लागली. झाले! शेंदूर आला, अक्षरे बुजली, वर पत्र्याची शेड आली, तिला तिन्ही बाजूंनी पत्रे लागले, घंटा आली. मंगळवारी आरती होते. दगडाचे नाव आता 'काट्यावरची आई' असे आहे.

४. पुढे नकाशा सुटला आणि आपले कनिष्ठ अभियंता जेसीबी घेऊन आले. जेसीबीच्या चालकाने खाली उतरून चपला काढल्या, दगडापुढे डोके टेकवले, आणि मशिन उलटे फिरवून तो निघून गेला. मग अहवाल गेला. आपले पत्र म्हणते की, धार्मिक स्थळाला लागून स्वच्छतागृह बांधता येणार नाही. स्थळ हलवायचे तर समितीची परवानगी लागेल. आणि समिती अद्याप नेमलेली नाही. हे ज्या बैठकीत ठरले त्याच बैठकीत त्या 'स्थळा'पुढे पेव्हर ब्लॉक बसविण्याचे काम मात्र विनाचर्चा मंजूर झाले, तेही अर्जदाराच्या प्रभागातील विकासकाम म्हणून. ते अर्जदाराने मागितलेले नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, साहेब, याहून वेगळे काय असते?

५. अर्जदाराने लोकांना समजावून पाहिले. भर आरतीत उभे राहून सांगितले की, ही देवी नाही, ही माझी पाटी आहे. कोणी ऐकेना. तेव्हा अर्जदार स्वतः बादली आणि काथ्या घेऊन बसली आणि दगड घासला. शेंदूर निघाला, खालून सोनेरी अक्षरे वर आली. गर्दी पुढे सरकून वाचू लागली. आता तरी डोळे उघडतील असे वाटले, तोच दौलतराव ओरडले, "बघा राव, आईनं ताईंचं नाव उमटवलं!" तेव्हापासून लोक अर्जदाराच्याही पाया पडतात. सासरे खूश आहेत. पुढच्या निवडणुकीची काळजी मिटली म्हणतात. अर्जदारास चौकातून जाताना लाज वाटते.

६. मागील महिन्यात छबूबाई भाजीच्या पाटीशेजारीच कोसळल्या. मूत्रपिंडाला सूज आहे, भरपूर पाणी प्या, असे डॉक्टरांनी बजावले. पाणी पिऊन जायचे कुठे, ते त्यांनी लिहून दिलेले नाही. छबूबाई परत चौकात बसतात आणि दिवसभर कोरड्या राहतात, बाकीच्या बायकांसारख्याच. आता भक्तमंडळींनी त्यालाही नाव दिले आहे : 'आईचा निर्जळी उपास'. कामाला नव्याने लागलेल्या मुलींना सांगतात की, चौकात दिवसा पाणी प्यायचे नाही, आईला चालत नाही. हे ऐकल्यावर अर्जदार हा अर्ज लिहायला बसली.

७. सबब विनंती की, सदर दगड हा धार्मिक स्थळ नसल्याचे आपण लेखी द्यावे, म्हणजे तो काढता येईल. काढायला कोणी हात लावणार नसेल तर अर्जदार स्वतः काढील. ज्या हाताने नारळ फोडला त्याच हाताने. कोप व्हायचाच तर तो अर्जदारावर होऊ दे, नाव तिचेच आहे. पेव्हर ब्लॉकचे काम रद्द करावे. नवीन पाटी लावू नये. लावायचीच झाली तर तीवर 'महिलांचा संडास' एवढेच स्पष्ट लिहावे आणि कोणाचेही नाव घालू नये.

काल अर्जदार चौकात गेली असता सगळ्यांनी हात जोडले, छबूबाईंनी जोडले नाहीत. त्या भूमिपूजनाला होत्या, त्यांना सगळे ठाऊक आहे. पत्र्याच्या शेडकडे बोट करून त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, तुमच्या दगडाला आडोसा झाला. आमचा कवा?"

तोच प्रश्न अर्जदार आपल्यापुढे ठेवत आहे.

आपली नम्र, व कोणाचीही देवी नसलेली,

(सही)
सौ. जयमाला रणजीत वाघोले
भोसरी, दि. १७ नोव्हेंबर, मंगळवार (आरतीचा दिवस)

सोबत :
१) ड्रेनेजचा मंजूर नकाशा
२) दगडाचे फोटो, घासण्यापूर्वीचा व घासल्यानंतरचा
३) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, छबूबाईंच्या संमतीने