सफरचंदाला ताण

९ जानेवारी
पाणी तोडलं! पाचही झाडांचं.
ही शोभेची सफरचंदं. फळ खायचं नाही, नुसती फुलासाठी. कफीलनं, म्हणजे आमच्या अरबी मालकानं, परदेशातून आणून सौदीतल्या ताइफच्या बंगल्यात लावली. तीन वर्षं झाली, एक कळी नाही. आमच्या संगमेश्वरात मोहोराआधी आंब्याच्या कलमाला ताण देतात. इथं जुना माळी हुसेनमियाँ रोज पाइप सोडणार — मग झाड नुसता पालाच धरणार.
म्हातारा ओरडला, "मेल्या, हा आंबा नाय! सुकला तर दोघांना विमानात बसवतील."
म्हटलं, "बसवू दे, चाचा. तेच हवंय मला."

१० जानेवारी
तसं नकोय खरं. तसं गेलो तर परत व्हिसा नाही. कफील बोललाय — फुलं आली तर महिनाभर सुट्टी. एप्रिलात बायकोचे, दर्शनाचे दिवस भरतात. पहिलंच बाळंतपण.

२ फेब्रुवारी
फांदी वाकवून बघितली. काटकन मोडली. आत कोरडी ठाक! हुसेनमियाँनं तुकडे गपचूप खिशात घातले, कफीलला दिसायला नकोत म्हणून. गावी श्रीवर्धनला त्याचं कुणी उरलं नाही. बायको गेली, मूल नाही. "मला घरी धाडू नको रे बाबा," म्हणाला.

२३ फेब्रुवारी
पाणी परत सोडलं. थोडं थोडं. झाडं तशीच, खराट्यासारखी. दर्शना फोनवर — "झाडांचं राहू दे. तुम्ही कधी येताय?"

१८ मार्च
कळ्या! लालभडक! एक झाड मेलं, पण चार आहेत!

२९ मार्च
फांदी दिसत नाही, नुसतं गुलाबी. कफीलनं पाहुणे आणले, माझ्या पाठीवर थापा मारल्या. हुसेनमियाँला म्हटलं, आत्ताच विचार सुट्टीचं. त्यानं अरबीत विचारलं. कफील हसला, हात नाचवत बरंच बोलला. पाहुणेही हसले.
हुसेनमियाँनं मला बाजूला घेतलं. मग हळूच — "अजून चाळीस झाडं मागवलीन. म्हणतो, या पोराला आता सोडायचा नाय. सुट्टी खलास."
पाहुणे गेल्यावर ओंजळभर फुलं ओरबाडून पायाखाली घातली. कुणी बघितलं नाही.

६ एप्रिल
हुसेनमियाँचं फायनल एक्झिट लागलं, कायमचं घरी. दोन माळी कशाला, कफील म्हणे, चाळीस झाडांनाही हा पोरगा एकटा पुरे. बॅग भरता भरता विचारतो, "संगमेश्वरात तुझं घर स्टँडापासून लांब काय रे? पोर बघून येतो तुझं. मला कुठं घाई आहे."